मिस्टरांच्या हातांवरचे फोड: एन्झाइम कमी पडलंय की वाढलंय? आणि लोहाचा काय संबंध?

भांडुपकरीण

नमस्कार. जरा मोठं लिहिते आहे, पण नीट वाचून सांगा, कारण विचारायला दुसरं कोणी नाही.

माझे मिस्टर 47 वर्षांचे, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. गेल्या गणपतीपासून त्यांच्या हातांवर फोड यायला लागले. फक्त हाताच्या पाठीवर आणि बोटांवर, तळहात स्वच्छ. कातडी इतकी नाजूक झाली की दाराच्या कडीला हात घासला तरी पापुद्रा निघून येतो. फोड फुटला की आठ-दहा दिवस ओला, मग खपली, मग काळा डाग, आणि त्या डागात साबुदाण्याच्या चुऱ्याएवढे पांढरे दाणे. डोळ्यांच्या कडेला, गालफडावर काळी लव वाढली, दाढीच्या वर. लेथवर कूलंटचं पाणी सारखं हातावर उडतं म्हणून सगळे म्हणाले तेलाची अॅलर्जी. सहा महिने मलमं लावली.

त्यातच दमतात म्हणून जवळच्या डॉक्टरांनी रक्तवाढीचं टॉनिक दिलं, लोहाचं. तीन महिने. हिमोग्लोबिन न तपासता. नंतर तपासलं तर 15.8. रोज रात्री चमच्याने मोजून मीच द्यायचे, ते आठवलं की मला झोप लागत नाही.

लघवीचा रंग मीच आधी पाहिला. मोरीतल्या पांढऱ्या फरशीवर, कोऱ्या चहासारखा. कावीळ असेल म्हणून घाबरून गेलो, पण डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन नॉर्मल. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा आणि लघवी तपासायला पाठवली आणि सांगितलं, पोर्फायरिया क्युटेनिया टार्डा. म्हणाले, लिव्हरमधलं एक एन्झाइम कमी पडतंय, अंगातलं लोह कमी करायला दर पंधरा दिवसांनी रक्त काढावं लागेल. पण लॅबचा रिपोर्ट म्हणतो लिव्हर एन्झाइम वाढलेत: एसजीपीटी 96, एसजीओटी 71. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा आकडा, 642. आता कमी की जास्त? मागे चाळीस माणसांची रांग होती, विचारायची हिंमत झाली नाही.

मिस्टरांच्या मनात वेगळंच बसलंय. पंचवीस वर्षं लोखंड कापतोय, तोच चुरा अंगात गेला, असं ते म्हणतात. आणि एवढं रक्त काढलं तर उभं राहून काम कसं करायचं? घरात कमावणारे तेच आहेत.


तिसरी पाळी

ताई, काळजी वाटली वाचून. माझं ऐका, रक्त काढायला देऊ नका. आधीच माणूस दमलेला. हळिवाचे लाडू, खजूर, बीट चालू करा, भाजी लोखंडी कढईत करा. माझ्या बहिणीला त्यानेच ताकद आली.


काचपट्टी

ताई, सगळ्यात आधी हे: दादांनी मनापासून सांगितलंय, त्यांच्या बहिणीला रक्त कमी असेल तर तिला ते बरोबरही असेल. तुमच्या मिस्टरांना मात्र हळीव, टॉनिक, लोहाच्या गोळ्या यातलं आत्ता काही देऊ नका.

मी डॉक्टर नाही. परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये 29 वर्षं टेक्निशियन होते. हा आजार त्या 29 वर्षांत अगदी मोजक्या वेळा पाहिला, पण एकदा पाहिलेला विसरता येत नाही. नमुना उजेडापासून वाचवावा लागतो म्हणून लघवीची बाटली काळ्या कागदात गुंडाळून यायची. खोलीतला दिवा बंद करून वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, धरली की ती कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी पोवळ्यासारखी लालगुलाबी पेटायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरांना हाक मारून आत बोलावलं होतं. लिव्हरचा तुकडा काढला तर तोही त्या दिव्याखाली तसाच दिसतो. म्हणजे दुखणं हातांवर दिसतं, पण माल साठतो लिव्हरमध्ये.

तुमचा गोंधळ 'एन्झाइम' या एका शब्दाने केलाय. एसजीपीटी, एसजीओटी ही पेशीच्या आत राहणारी एन्झाइम. लिव्हरच्या पेशीला इजा झाली की ती पाझरून रक्तात येतात आणि आपण ते पाझरलेलं मोजतो. आकडा वाढला याचा अर्थ लिव्हर जास्त काम करतंय असा नाही, कुठेतरी गळती आहे असा. डॉक्टर जे कमी पडतंय म्हणाले ते एन्झाइम त्या रिपोर्टवर छापलेलंच नाही. त्याचं नाव यूरोपोर्फिरिनोजेन डीकार्बोक्सिलेज. म्हणजे डॉक्टरही बरोबर, रिपोर्टही बरोबर.

मिस्टरांना समजेल असं सांगते. शरीरात हीम तयार होतं, तोच हिमोग्लोबिनमधला लाल भाग. लिव्हरलाही स्वतःच्या कामासाठी ते लागतं. ते बनतं आठ टप्प्यांत, जशा एका रांगेत आठ मशिनी, एकीचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पुढच्या मशीनवर. पाचवं मशीन म्हणजे हे एन्झाइम. जॉबला असलेले चार कान कापून तो पुढे द्यायचा, एवढंच त्याचं काम. ते अडलं की त्याच्या अलीकडे जॉबचा ढीग लागतो. तो ढीग म्हणजे पोर्फिरिन. लिव्हरमधून तो रक्तात उतरतो, रक्तातून कातडीत जातो, लघवीतून बाहेर पडतो. कातडीतल्या पोर्फिरिनवर उजेड पडला की तिथली कातडी आतून सुटते. म्हणून हाताची पाठ, कपाळ, कान, जिथे ऊन लागतं तिथेच. तळहात वाचतात ते याचमुळे. तेलाची अॅलर्जी असती तर बोटांच्या बेचक्यात खाज सुटली असती, असे ताणलेले फोड आले नसते.

आता लोह. माझाही कितीतरी वर्षं समज होता की लोह त्या एन्झाइमला थेट मारतं. तसं नाही. त्या एन्झाइमला काम करायला कुठलाच धातू लागत नाही आणि लोह त्याला हातही लावत नाही. लोह जॉबला गंज चढवतं. पेशीत लोह जास्त झालं की ऑक्सिडेशन वाढतं, आणि रांगेत थांबलेला तो कच्चा माल अर्धवट ऑक्सिडाइझ होऊन यूरोपोर्फोमेथीन नावाचा पदार्थ बनतो. दिसायला तो जॉबसारखाच, म्हणून चकमध्ये, मशीनच्या पकडीत, बसतो, पण कापला जात नाही आणि खऱ्या जॉबची जागा अडवून ठेवतो. 2007 साली हा पदार्थ ओळखला गेला. गंमत नाही, पण विलक्षण गोष्ट ही की लिव्हरमध्ये हे एन्झाइम मोजलं तर मशिनी जिथल्या तिथे असतात. फक्त चालत नाहीत. चालणाऱ्या मशिनी पाचात एकीपेक्षा कमी उरल्या की फोड दिसायला लागतात. आणि तेच जादा लोह ऑक्सिडेशनने पेशीलाही इजा करतं, तेव्हा एसजीपीटी पाझरतं. एकाच लोहाने एक एन्झाइम आत अडकतं आणि दुसरं बाहेर गळतं.

साठलेलं लोह काढलं की नवा अडथळा बनायचा थांबतो आणि मशिनी परत चालू लागतात. रक्त काढायचं कारण एवढंच. काढलेल्या रक्ताच्या जागी शरीर नवीन रक्त बनवतं, त्याला लागणारं लोह लिव्हरच्या कोठारातून उचलतं. हिशेब करून बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. मिस्टरांच्या 350 मिलिलिटरच्या एका पिशवीत 180च्या आसपास मिलिग्रॅम जाईल. जेवणातून आपण दिवसाला शोषतो एक ते दोन मिलिग्रॅम. तीन ते सहा महिन्यांचं लोह एका पिशवीतून निघतं. जर्मनीत इप्पेन नावाच्या डॉक्टरांनी 1961 साली या आजारात रक्त काढून गुण येतो हे दाखवलं. तेव्हा त्यांची कल्पना वेगळी होती, की नवं रक्त बनताना साठलेलं पोर्फिरिन खर्ची पडेल. खरं कारण लोह, हे नंतर उलगडलं.

लोखंडाच्या चुऱ्याबद्दल मिस्टरांना शांत करा. तो कातडीतून आत जात नाही. लोह आत घ्यायचं की नाही हे आतड्यातलं दार ठरवतं, आणि त्या दाराची कडी लिव्हरच्या हातात असते. हेप्सिडिन नावाचं हार्मोन लिव्हर सोडतं, त्याने दार बंद होतं. दारू आणि हिपॅटायटिस सी या दोन गोष्टी ते हार्मोन कमी करतात. मग दार उघडंच राहतं, लिव्हर भरत जातं. त्यात तीन महिने टॉनिक. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दिलेलं औषध तुम्ही प्रेमाने आणि नेमाने दिलंत, तपासून द्यायचं काम दुसऱ्याचं होतं. आजार टॉनिकने सुरूही झालेला नाही, फोड त्याच्या आधीचे आहेत.

कामाच्या जागी रसायनं काय वापरतात ते मात्र डॉक्टरांना सांगा. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तानात हेक्साक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं गहू लोकांनी खाल्लं आणि हजारो माणसांना, बहुतेक लहान मुलांना, हाच आजार झाला. घराण्यात कोणाला नसताना. तेव्हा हा आजार झाला म्हणजे रक्तातच दोष आहे असंही धरू नका. बहुतेकांचा तो मिळवलेलाच असतो, पाचातल्या एखाद्याला घराण्यातून आलेला. घराण्यातून आलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना जन्मभर काही होत नाही.

मला खरी काळजी एसजीपीटी 96ची वाटते. तो नुसत्या लोहामुळे असेलही, नसेलही. हिपॅटायटिस सी, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासलंय का? नसेल तर पहिली पिशवी काढायच्या आधी तपासून घ्या. फेरिटिन सुजेनेही वाढतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय तेही, बघायला सांगा. आणि मिस्टर घेतात का? इथे उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, पण डॉक्टरांना खरं सांगा.


कल्याण लोकल

ताई, मला हाच आजार 2019 साली निघाला. काचपट्टी ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

रक्त काढणं म्हणजे रक्तदानासारखंच. खुर्ची, चेंडू दाबायचा, वीस मिनिटं. त्या दिवशी दुपारी काम करू नये, भरपूर पाणी प्यावं, बस. दर वेळी आधी हिमोग्लोबिन बघतात, 11च्या खाली गेलं की थांबतात. माझ्या सात पिशव्या झाल्या. फेरिटिन 510 होतं, ते 20च्या आसपास आणून थांबायचं ठरलं होतं. चौथ्या पिशवीपर्यंत मला काहीही फरक दिसला नाही आणि मी सोडून द्यायला निघालो होतो. मुलगी ओरडली म्हणून गेलो. आधी फेरिटिन उतरतं, पोर्फिरिन त्याच्या मागून. नवे फोड यायचे थांबायला मला तीन-चार महिने लागले, कातडी घट्ट व्हायला त्याहून जास्त. एसजीपीटी माझं 80 होतं, ते सातव्या पिशवीनंतर 34 झालं. पण मी दारूही सोडली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं मला सांगता येत नाही.

दोन चुका माझ्या बाबतीत झाल्या, त्या तुमच्याकडे होऊ नयेत.

रक्त काढायच्या आधी एका ठिकाणी मला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं. या आजारात ते चालतं, पण अगदी थोडं, 100 मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा. मला संधिवाताला देतात तसं दिलं, 200ची गोळी रोज दोन वेळा. सहाव्या दिवशी ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी रक्तासारखी, एसजीपीटी 400च्या वर. ते औषध लोहाला हात लावत नाही, लिव्हरमध्ये साठलेलं पोर्फिरिन बाहेर ढकलतं. जास्त दिलं की सगळं एकदम सुटतं आणि पेशींना इजा होते. थोडं दिलं तर ते रक्त काढण्याइतकंच उपयोगी पडतं, ज्यांना रक्त काढणं झेपत नाही त्यांना विशेष. तुम्हाला कोणी लिहून दिलं तर मात्रा दोनदा विचारा, डोळ्यांची तपासणीही.

दुसरी चूक सगळं बरं झाल्यावरची. ऑफिसच्या आरोग्य शिबिरात फेरिटिन 18 आलं, लाल अक्षरात. तिथल्या डॉक्टरांनी लगेच लोहाच्या गोळ्या लिहिल्या. मी आजाराचं नाव सांगितलं, त्यांना ते माहीत नव्हतं, आणि मी बुजरेपणाने घेत राहिलो. पाच महिन्यांत अंगठ्यावर पहिला फोड. आमच्या आजारात ते 18 कष्टाने मिळवलेलं असतं, कमतरता नव्हे. आता पाकिटात चिठ्ठी ठेवतो: 'पोर्फायरिया क्युटेनिया टार्डा, लोह देऊ नये, माझ्या डॉक्टरांना विचारावे.'

उन्हाचं. पोर्फिरिनला लागतो तो जांभळट उजेड, 400 ते 410 नॅनोमीटर, डोळ्यांना दिसणारा. तो काचेतून आत येतो. साधं सनस्क्रीन त्याला अडवत नाही. झिंक ऑक्साइडचं जाड पांढरं लागतं, शिवाजी पार्कात क्रिकेटची पोरं नाकावर फासतात तसलं. सकाळी सीएसएमटीकडे जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत ऊन येतं. कल्याणला मिळालेली खिडकीची जागा मी कितीदा उठून दिली आहे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि दांडा धरायला पातळ हातमोजे.


भांडुपकरीण

कल्याण दादा, हातमोज्यांचं मी मिस्टरांना म्हटलं तर ते एकदम चिडले. फिरत्या लेथवर हातमोजे घालून हात न्यायचा नसतो, मोजा अडकला की बोटं जातात. बरोबरच आहे त्यांचं. आता ट्रेनमध्ये आणि मेट्रोत घालतात, वर्कशॉपच्या दारात काढतात. मशीन खिडकीजवळ होतं, ते मालकाशी बोलून आतल्या भिंतीकडे हलवलं. मालकांनी एका शब्दाने अडवलं नाही.


भांडुपकरीण

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. उशीर झाला, कारण मध्ये बरंच घडलं.

काचपट्टी ताई, तुम्ही म्हणालात म्हणून तपासण्या करून घेतल्या. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 58 टक्के. एचआयव्ही नाही, बी नाही. हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आला, विषाणूही रक्तात सापडला. त्या दिवशी दोघंही घाटकोपरच्या पुलावर किती वेळ नुसते उभे होतो.

डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलंय का. 1996 साली लग्नाच्या आधी मिस्टरांचा अपघात झाला होता, मांडी मोडली होती, दोन बाटल्या दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी 2001पासून सक्तीची झाली, त्याच्या आधीच्या बाटल्यांचं कोणी सांगू शकत नाही. तिथूनच आला असेल असंही ते म्हणाले नाहीत. पण मिस्टरांना ते ऐकून बरं वाटलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की सगळं त्यांच्या क्वार्टरमुळे झालं. हो ताई, घ्यायचे, शनिवारी आणि पगाराच्या दिवशी. आता बंद आहे. डॉक्टरांनी तेही तितक्याच स्पष्ट सांगितलं, की विषाणू आणि दारू दोन्ही मिळून ते दार उघडं ठेवतात.

सीची औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, 2018 साली सुरू झालेल्या. बारा आठवड्यांचा कोर्स, रोज एक वेळ. तो सुरू झालाय. नुसत्या त्यानेही कधी कधी फोड थांबतात असं डॉक्टर म्हणाले, पण फेरिटिन इतकं आहे म्हणून रक्तही काढायचं ठरवलं. मुलांची आणि माझी तपासणी झाली, आम्ही तिघं निगेटिव्ह.

पहिल्या पिशवीला मी आत बसले होते. तराजूसारखं यंत्र पिशवीला हळूहळू झुलवत होतं. मिस्टरांनी विचारलं, हे कोणाला देणार? सिस्टर म्हणाल्या, हे वापरत नाहीत काका, टाकून देतात. ते काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, एवढं चांगलं लाल होतं. मग लिंबू सरबत घ्यायला थांबलो आणि मी त्यांना तुमचा हिशेब सांगितला, की त्यात 180 मिलिग्रॅम लोखंड गेलं. त्यांनी बोटावर घेतल्यासारखं करून दाखवलं, चिमूटभर चुरा होतो म्हणाले, एका कटमध्ये याहून जास्त पडतो.

काल दुसरी पिशवी झाली. हिमोग्लोबिन 14.2, फेरिटिन 488. एसजीपीटी 61 वर आलंय, ते विषाणू कमी झाल्यामुळे की लोहामुळे हे आत्ता ठरवता येणार नाही म्हणाले. फोड अजून येतात, या आठवड्यात दोन आले. दादा, तुम्ही चौथ्या पिशवीचं लिहिलं होतं ते मी त्यांना वाचून दाखवलं.

एकच विचारायचं राहिलं. तिसऱ्या पिशवीची तारीख नवरात्रात येते आणि मिस्टर नऊ दिवस उपास करतात, फळं आणि दूध. पुढे ढकलू का?


काचपट्टी

ढकलायचं की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारा, पण उपाशीपोटी पिशवी काढू देऊ नका, चक्कर येते. आणि सीच्या गोळ्या उपासातही एक दिवस चुकवू नका. मिस्टरांना माझा निरोप सांगा की देवीला नऊ दिवसांतला एक दिवस कमी चालेल.


तिसरी पाळी

ताई, मी चुकीचं सांगितलं होतं. माफ करा. बहिणीलाही आता आधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं आहे.